सही हुबेहूब दिसते, तेवढ्याने ती खरी ठरत नाही

नामवंत खेळाडूची सही असलेला चेंडू, बॅट किंवा फोटो घ्यायचा झाला की बहुतेक जण एकच तपासणी करतात. इंटरनेटवर त्या खेळाडूची सही शोधायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि वळणं जुळली की पैसे मोजायचे. ही तपासणी सगळ्यात कच्ची. खोटी सही करणाऱ्यानेही तेच केलेलं असतं. त्यानेही तीच सही समोर ठेवली, तीच वळणं घोटली. सारखेपणा आणण्यातच त्याने जीव ओतलेला असतो, आणि आपण नेमका तोच तपासत बसतो. खरं तर त्याच्या लक्षात न आलेल्या गोष्टी शोधायला हव्यात: हाताचा वेग, शाईचं वय, वस्तूचा काळ आणि ती वस्तू इथवर आली तो रस्ता.

हुबेहूब सही जमणं फार दुर्मीळ असेल, असं वाटत असेल तर अमेरिकेतलं एक प्रकरण पुरेसं आहे. एफबीआयने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाचा तपास केला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये एका मोठ्या टोळीवर छापे घातले. या टोळीतल्या सह्या अगदी मोजक्या हातांतून उतरत होत्या आणि देशभरातल्या दुकानांत सर्टिफिकेटसह विकल्या जात होत्या. जप्त झालेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा निघाले. सॅन डिएगो पाड्रेस या बेसबॉल संघाचा नामांकित फलंदाज टोनी ग्विन याला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात आपली सही असलेल्या अशा वस्तू दिसल्या, ज्यांवर त्याने कधी पेन टेकवलंच नव्हतं. घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी सही ‘जुळवून’ पाहिलेली असणार. ती जुळत होतीच.

आधी वस्तू, मग सही

माझं मत असं की सहीकडे पाहण्याआधी ती कशावर आहे ते पाहावं. इथे नजर तयार असावी लागत नाही, थोडा इतिहास माहीत असला की पुरतं. आणि इथे निघालेली चूक मतभेदाला जागाच ठेवत नाही.

बेब रूथचं उदाहरण घ्या. बेसबॉलच्या जगात सर्वाधिक मागणी असलेल्या सह्यांत त्याची सही येते, म्हणून खोट्या सह्याही त्याच्या नावावर ढिगाने. रूथ १६ ऑगस्ट १९४८ ला वारला. त्या काळातल्या अधिकृत बेसबॉलवर लीगच्या, म्हणजे संघांच्या संघटनेच्या, अध्यक्षांची सही छापलेली असे. नॅशनल लीगचे अध्यक्ष १९३४ पासून १९५१ पर्यंत फोर्ड फ्रिक होते, त्यांच्यानंतर वॉरन जाइल्स आले. म्हणजे रूथची सही कितीही झोकात केलेली असो, चेंडूवर जाइल्स यांचं नाव छापलेलं असेल तर विषय तिथेच संपला. तो चेंडू तयार झाला तेव्हा रूथ हयात नव्हता.

पेनाचंही तसंच. बॉलपेन अमेरिकेत दुकानांतून विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. रूथचाच समकालीन बेसबॉलपटू लू गेरिग १९४१ मध्येच गेला, तेव्हा बॉलपेनने केलेली गेरिगची सही ही अशक्य गोष्ट आहे. रूथची बॉलपेनमधली सही असू शकते, पण त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या तीनेक वर्षांतलीच. फायबरच्या टोकाची पेनं १९६० च्या दशकात आली, शार्पी हे मार्कर १९६४ मध्ये. तरीही मार्करने केलेल्या रूथच्या सह्या विकायला निघतात आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

कागदाला वय विचारायचं असेल तर अतिनील दिवा कामाला येतो, म्हणजे नोटा तपासायला वापरतात तसला जांभळट प्रकाशाचा. साधारण १९५० च्या सुमारापासून कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं मिसळू लागले. असा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा उजळतो, त्याआधीचा कागद मंद राहतो. १९३० सालची म्हणून दाखवलेली सही झगझगणाऱ्या कागदावर असेल तर ती बाजूला ठेवावी. उलट मात्र खरं धरू नये. कागद मंद राहिला म्हणजे सही जुनी, असं होत नाही. जुन्या पुस्तकांची सुरुवातीची कोरी पानं कापून त्यांवर सह्या करणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी युक्ती आहे. कापडाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. कपडे धुण्याच्या पावडरीतही हीच रसायनं असतात, त्यामुळे जुनी खरी जर्सीसुद्धा एकदा धुतलेली असली की चमकते.

कागद जुना आणि सही नवी, हे पकडायला एक साधं दहापट मोठं करून दाखवणारं भिंग हवं. जुन्या कागदावरचा शाई धरून ठेवणारा थर झिजलेला असतो. त्यावर ताजी शाई टेकवली की ती धाग्याधाग्यांतून बाजूला पसरते आणि रेघेला बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. घडीपाशी आणखी नीट बघावं. सही आधी झाली असेल आणि कागद नंतर दुमडला असेल, तर घडीवर शाईचा थर तडकलेला किंवा घासून गेलेला दिसतो. कागद आधी दुमडलेला आणि सही नंतरची असेल, तर शाई घडीच्या फाटलेल्या तंतूंत उतरून तिथे गडद ठिपका धरते. चेंडूच्या कातड्यालाही हेच लागू. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चेंडूच्या कातड्याला बारीक भेगा पडलेल्या असतात. शाई भेगेच्या कडेशी थांबलेली असेल तर भेग नंतर पडली. शाई भेगेच्या आत, तळापर्यंत गेलेली असेल तर भेग आधीपासून होती, म्हणजे चेंडू म्हातारा झाल्यावर त्याच्यावर सही झाली. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

लिहिलेली रेघ आणि काढलेली रेघ

आता सहीकडे. आपली सही करताना आपण विचार करत नाही, हात आपोआप चालतो. खेळाडूने तर आयुष्यात हजारो सह्या केलेल्या असतात. त्याचा हात कागदाला टेकण्याआधीच हलत असतो आणि उचलल्यानंतरही हलत राहतो, म्हणून खऱ्या सहीतल्या रेघांची सुरुवात आणि शेवट निमुळते असतात. मधे जाडी कमीजास्त होते. खाली येणारी रेघ दाबाने जाड, वर जाणारी हलकी. जोडाक्षरांसारखी चिकटलेली अक्षरं एका दमात येतात.

नक्कल करणाऱ्याला मात्र आकार सांभाळायचा असतो, त्यामुळे तो हळू जातो. सायकल हळू चालवली की डगमगते, तसंच पेनाचं होतं. वळणाच्या ऐन मधोमध बारीक कंप येतो, रेघेची जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी राहते, टोकं बोथट होतात. कुठे पेन अवघड जागी उचलून पुन्हा टेकवल्याची गाठ दिसते, कुठे थांबून पुढचं आठवल्याची खूण म्हणून शाईचा थेंब साचलेला असतो. जिथे कोणीही लिहिताना थांबणार नाही अशा जागी पेन थांबलेलं दिसलं की समजावं, ही सही ‘काढलेली’ आहे.

तपासताना सही उलटी धरून पाहायची सवय लावून घ्यावी. सुलटी धरली की डोळे नाव वाचतात आणि मन लगेच हो म्हणून टाकतं. उलटी धरली की नाव नाहीसं होतं आणि उरतात त्या नुसत्या रेघा, त्यांच्यातली अंतरं, उंचीचं प्रमाण, तिरकेपणा. दोन सह्यांमधला फरक तेव्हा ठसठशीत दिसतो.

ताडून पाहण्यासाठी एक नमुना कधीच पुरत नाही. आठ-दहा तरी हवेत, आणि ते त्याच काळातले. तेही बाजारात विकायला ठेवलेल्या वस्तूंवरून घेऊ नयेत, नाहीतर खोट्याला खोट्याशी ताडून खरं ठरवल्यासारखं होईल. करारपत्रं, चेक, पत्रव्यवहार, संग्रहालयांतली कागदपत्रं यांवरच्या सह्या भरवशाच्या. अनेक नमुने समोर असले की त्या माणसाच्या सहीला किती मोकळीक आहे ते कळतं. एखाद्याचं पहिलं अक्षर दर वेळी बदलतं, पण शेवटचा फराटा दर वेळी त्याच कोनात सुटतो. अशा न बदलणाऱ्या सवयी शोधायच्या. नक्कल करणारा बहुधा डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या अक्षरावर मेहनत घेतो. मधल्या किरकोळ अक्षरांत, ‘टी’च्या आडव्या रेघेच्या उतारात, दोन नावांमधल्या अंतरात तो उघडा पडतो.

आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण ती पक्की आहे. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर केसाचाही फरक न राहता जुळल्या तर आनंद मानू नये. माणूस तीच सही तंतोतंत दुसऱ्यांदा करू शकत नाही. त्यातली एक तरी गिरवलेली, छापलेली किंवा यंत्राने केलेली आहे.

कंप म्हणजे खोटी, असंही नाही

हे नियम तोंडपाठ करून कोणी प्रत्येक कापऱ्या रेघेला खोटी ठरवू लागला तर त्याच्या हातून मोठा अन्याय होईल. मुहम्मद अलीच्या सह्या पाहा. १९६४ च्या सुरुवातीपर्यंत तो कॅशियस क्ले या नावाने सही करायचा, नाव बदलल्यावर मुहम्मद अली. पुढच्या वर्षांतल्या सह्या मोठ्या, मोकळ्या, ओघवत्या आहेत. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं आणि त्यानंतर हळूहळू सही आखडत गेली, बारीक झाली, अक्षरं एकमेकांत घुसली. पार्किन्सनमध्ये हस्ताक्षर लहान होत जाणं हे ओळखीचं लक्षण आहे. आता १९९० च्या दशकात एका कार्यक्रमात केली म्हणून सांगितलेली अलीची सही जर १९७० च्या दशकातल्यासारखी ऐसपैस आणि जोरकस असेल, तर त्या डौलदार सहीवरच संशय घ्यायला हवा. इथे थरथरणारी रेघ खऱ्याच्या बाजूने साक्ष देते.

अलीच्याच उदाहरणातला दुसरा धडा म्हणजे वस्तूचा काळ आणि सहीचा काळ वेगळे असू शकतात. फेब्रुवारी १९६४ मधल्या सनी लिस्टनविरुद्धच्या लढतीच्या फोटोवर मुहम्मद अली अशी सही असली तर काहीच बिघडत नाही, फोटोवर वीस वर्षांनंतरही सही होऊ शकते. पुढच्या काळात संग्राहकांच्या आग्रहावरून त्याने जुन्या नावानेही सह्या दिल्या आहेत. वस्तूचं वय सांगतं ते एवढंच, की सही त्याच्या आधीची नाही.

शिवाय परिस्थिती. टेबलाशी शांत बसून केलेली सही आणि कठड्यावरून वाकलेल्या पन्नास हातांमधून जाता जाता केलेली सही एकाच माणसाच्या असूनही सख्ख्या वाटत नाहीत. घाईत आडनावाचा नुसता फराटा उरतो. चेंडूच्या गोल पृष्ठभागावर पेन घसरतं, शिवणीपाशी रेघ तुटते. जर्सीचं कापड ताणून धरलेलं नसेल तर अक्षरं सुरकुततात. म्हणून चेंडूवरची सही चेंडूवरच्याच सह्यांशी ताडावी, कागदावरच्या नाही. पिढीचाही फरक असतो. बेसबॉलपटू हार्मन किलब्रू तरुण खेळाडूंना हक्काने सांगायचा की सही अशी करा की ती पुढे कोणालाही वाचता आली पाहिजे. त्याची स्वतःची सही शेवटपर्यंत सुवाच्य होती. हल्लीचे बरेच खेळाडू दोन अक्षरं आणि एक लाट एवढ्यावर मोकळे होतात. नक्कल करणाऱ्याला हे सोयीचं, कारण जितकी रेघ कमी तितक्या चुका कमी. आजच्या खेळाडूची सही नुसत्या नजरेने तपासणं जुन्या खेळाडूच्या सहीपेक्षा अवघड आहे, असं मी म्हणतो ते त्यामुळेच.

हाताने न केलेल्या, किंवा भलत्याच हाताने केलेल्या

कितीतरी ‘सह्या’ फसवायला केलेल्याच नसतात. डॉन ब्रॅडमनच्या नावाच्या बॅटी साइक्स कंपनी विकायची, त्यांच्या पात्यावर त्याची सही छापलेली असे. जुन्या सामानात अशी बॅट सापडली की घरात आनंदीआनंद होतो. बॅट खरी, जुनी, सही ब्रॅडमनचीच, पण छापलेली. भिंगाखाली छपाई लगेच कळते. छापलेल्या फोटोत रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली असते, दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे शाई दुहेरी होत नाही. टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की बॉलपेनने पाडलेली चर दिसते, छपाईत ती नसते. रबरी शिक्क्याची शाई रेघेच्या कडांना गडद आणि मधे फिकी राहते.

ऑटोपेन हे खऱ्या पेनाने सही करणारं यंत्र. शाई खरी असते, चरही पडते. पण दाब एकसारखा, टोकाशी पेन टेकल्याचा आणि उचलल्याचा ठिपका, आणि एका साच्यातल्या सगळ्या सह्या एकमेकींवर चपखल बसणाऱ्या.

सर्वांत फसव्या म्हणजे घरच्या माणसांनी केलेल्या. चाहत्यांची पत्रं पोत्याने येतात तेव्हा खेळाडूच्या वतीने पत्नी, सचिव किंवा संघातला मदतनीस सही करतो. सगळ्या संघाच्या सह्यांच्या चेंडूवर तर एखाद्या कंटाळलेल्या खेळाडूच्या जागी ड्रेसिंगरूममधल्या पोऱ्याने सही ठोकलेली असणं हे जुनंच आहे. अशी सही वेगाने, बिनधास्त, त्याच काळात, त्याच शाईने केलेली असते. चेंडू थेट संघाकडून मिळालेला असतो आणि मालक शपथेवर सांगतो ते खरंही असतं. ही पकडायची तर एकाच चेंडूवरच्या दोन वेगळ्या नावांत एकच हात दिसतो का ते पाहावं. अक्षरांचा कल, पेनाचा दाब, एकाच अक्षराची ठेवण दोघांत सारखी निघाली की उत्तर मिळतं.

आणखी एक मधला प्रकार आहे, फिकी पडलेली खरी सही कोणीतरी वरून गिरवलेली. खाली मूळ रेघ, वर नवी शाई, आणि दोघींचा कुठेतरी चुकलेला मेळ. अशी सही खरी म्हणावी की खोटी यावर संग्राहकांत वाद होतो. मला विचाराल तर वर दिसते ती शाई खेळाडूची नाही, आणि विकताना हे सांगितलंच पाहिजे.

सर्टिफिकेट काय सांगतं

सर्टिफिकेट हा शेवटी एक कागद आहे, आणि सहीपेक्षा कागद छापणं सोपं. बुलपेन प्रकरणातल्या मालासोबतही सर्टिफिकेटं होतीच. विकणाऱ्याने स्वतःच्याच मालाला स्वतःच दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे त्याचा तोंडी शब्द, फक्त जाड कागदावर.

त्रयस्थ तपासणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या अमेरिकी संस्थांना सही विकण्यात रस नसतो, त्यांच्याकडे नमुन्यांचा मोठा साठा असतो. तरीही त्या देतात ते मत. अभ्यासू आणि वजनदार, पण मतच. एकाच वस्तूवर दोन संस्थांची मतं वेगळी पडू शकतात. मत आणि साक्ष यांतला फरक इथे समजून घ्यावा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची मुख्य संघटना असलेल्या मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत पोलीस दलातला आजी किंवा माजी माणूस सही होताना तिथे हजर असतो आणि लगेच वस्तूवर क्रमांक असलेलं होलोग्राम, म्हणजे चकाकणारं स्टिकर, लावतो. ते काढायला गेलं की फाटतं. इथे सही कशी दिसते हा प्रश्नच उरत नाही, कोणीतरी ती होताना पाहिलेली असते. माझ्या लेखी हजर साक्षीदाराचं वजन कुठल्याही तज्ज्ञाच्या नजरेपेक्षा जास्त आहे.

होलोग्रामवरचा क्रमांक मात्र स्वतः संस्थेच्या साइटवर टाकून पाहावा, विकणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवर नाही. आणि क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नये. नोंदीत ‘बेसबॉल’ लिहिलेलं असेल आणि तुमच्या हातात फोटो असेल, तर ते स्टिकर दुसरीकडचं आहे. नोंदीसोबत छायाचित्र असेल तर शिवण, डाग, सहीची जागा एकेक करून ताडावी.

वस्तूच्या मागची हकीकत ऐकताना एकच विचारावं: ही हकीकत याच वस्तूला बांधलेली आहे का? खेळाडूबरोबर खांद्याला खांदा लावून काढलेला फोटो भेट झाल्याचं सांगतो, हीच बॅट सही केल्याचं नाही. आजोबा मैदानावर कामाला होते हे खरं असू शकतं आणि सही तरीही खोटी असू शकते. याउलट, सही करताना हातात हीच वस्तू दिसणारा फोटो, त्या वेळच्या पत्रात या वस्तूचा उल्लेख, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं चित्र, ही खरी कमाई. विकणारा मोठे फोटो द्यायला कां-कू करत असेल, एकाच खेळाडूच्या पाच-सहा सह्या त्याच्याकडे कायम शिल्लक असतील, किंवा खोटी निघाल्यास पैसे परत असं लिहून द्यायला तयार नसेल, तर सही तपासण्यात वेळ घालवू नये.

सगळं पाहूनही कधी कधी ठरवता येत नाही. रेघ बरी आहे, वस्तू काळाशी जुळते, पण नमुने अपुरे आहेत. अशा वेळी ‘ठरत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे आणि चांगले तपासणारे ते बिनदिक्कत देतात. विकत घ्यायची असेल तर ‘ठरत नाही’चा अर्थ ‘नको’ असा घ्यावा. घरातलीच वस्तू असेल तर ती उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवावी, सहीला हात लावू नये, वार्निश किंवा लाख चढवू नये, आणि तिच्याबद्दल घरातल्या मोठ्यांना जे आठवतं ते तारखेसह लिहून ठेवावं.

स्वतः खेळाडूला गाठून सही घेणार असाल तर पुढच्या संशयाची सोय त्याच दिवशी करून ठेवता येते. पेन कागदावर असताना, वस्तू आणि चेहरा दोन्ही दिसतील असा फोटो किंवा छोटा व्हिडिओ कोणाला तरी काढायला सांगा. तिकीट जपून ठेवा. तारीख, जागा आणि पेन कुठलं होतं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, वस्तूवर नाही. बेसबॉलच्या कातड्यावर बॉलपेन चांगलं, कारण मार्करची शाई काही वर्षांत पसरते. चकचकीत फोटोवर आणि बॅटच्या लाकडावर मार्कर बरं, आणि सही वाळेपर्यंत ती वस्तू पिशवीत घालू नका.